सातपुड्यातला पाडा नकाशावर कसा आणावा

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागात एकाच महसुली गावाचे पाडे डोंगरउतारांवर दूरदूर विखुरलेले असतात. नकाशावर अनेकदा गावाचे नाव तेवढे सापडते. रुग्णवाहिकेला मात्र पाड्यापर्यंत पोहोचायचे असते. ही उणीव स्थानिक माणूस स्वतः भरून काढू शकतो. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात कोणालाही भर घालता येते. फक्त त्याची एक रीत आहे.

आधी मोफत खाते उघडा. संपादनाचे बटण दाबले की ब्राउझरमध्येच उपग्रहचित्र येते. त्यावर पाड्यासाठी बिंदू, रस्त्यासाठी रेषा आणि शाळेच्या आवारासाठी क्षेत्र काढायचे, मग ते काय आहे हे टॅगने सांगायचे. पाड्याला ‘हॅमलेट’ हा प्रकार चालतो.

चित्रात घरांची छपरे दिसतात, पाड्याचे नाव दिसत नाही. ते तिथल्या लोकांना विचारा आणि ते म्हणतात तसेच लिहा. ओढ्यावरचा फरशी पूल उन्हाळ्यातल्या चित्रात साध्या रस्त्यासारखाच दिसतो. पावसाळ्यात त्यावरून पाणी जाते हे गावकरीच सांगू शकतात. त्यासाठीही टॅग आहे, तो आवर्जून जोडा. गूगल मॅप्सवरून मात्र काहीही उतरवून घेऊ नका. परवान्यात ते बसत नाही आणि अशी भर काढून टाकली जाते.

सेव्ह करताना सगळे बदल मिळून एक ‘चेंजसेट’ होतो. त्यात थोडक्यात लिहा: ‘धडगाव तालुका, दोन पाडे आणि एक फरशी पूल जोडला.’ स्रोत: ‘प्रत्यक्ष पाहणी’. नवखे असाल तर ‘माझे बदल कोणीतरी तपासावेत’ या चौकटीत खूण करा.

लिनक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, आधी तपासतात, मगच स्वीकारतात. इथे बदल थेट नकाशात जातो आणि तपासणी नंतर होते. म्हणूनच नोंद चोख हवी. प्रत्येक बिंदूला आवृत्ती क्रमांक असतो: पहिली नोंद १, पुढची दुरुस्ती २. कोणी, कधी, काय बदलले ते सर्वांना दिसते आणि चूक मागे घेता येते.

कोणी शंका काढली तर त्याच चेंजसेटखाली शांतपणे उत्तर द्या. जमिनीवर जे आहे तेच नकाशावर, हा इथला मूळ नियम आहे. त्यामुळे पाड्यातल्या शिक्षकाला किंवा आशाताईंना असलेली माहिती इथे दूर बसलेल्या तज्ज्ञाच्या अंदाजापेक्षा मोलाची ठरते.