जुन्या पिकअप वाहनातील इंजिनाची अचानक शक्तिहानी

इंजिनाची अचानक शक्तिहानी म्हणजे इंजिन बंद न पडता त्याची ओढण्याची ताकद एकाएकी कमी होणे होय. मालवाहू पिकअपमध्ये हा बिघाड चढावर किंवा भरलेल्या गाडीत प्रथम जाणवतो. कार्यशाळेच्या बोलीत ‘गाडी ओढत नाही’ किंवा ‘पिकअप घेत नाही’ असे त्याचे वर्णन केले जाते. प्रस्तुत लेखात मुख्यतः डिझेलवर चालणाऱ्या जुन्या पिकअपमधील निदानाचा विचार केला असून, उदाहरणांसाठी महाराष्ट्रातील जालना जिल्ह्याची परिस्थिती घेतली आहे.

पार्श्वभूमी

१ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यापासून वेगळा झालेला जालना जिल्हा मोसंबी, कापूस, बियाणे आणि लोखंडी सळ्यांच्या उद्योगासाठी ओळखला जातो. या मालाची शेत, बाजार समिती, जिनिंग आणि कारखाना यांच्यामधील जवळच्या अंतराची वाहतूक मोठ्या प्रमाणावर पिकअपमधून होते. अनेक वाहने जुनी असतात आणि हंगामात रोज पूर्ण भाराने धावतात. तोडलेली मोसंबी वाटेत अडकली की तिचा भाव घसरतो. त्यामुळे गाडी लवकर रस्त्यावर आणण्याच्या घाईत डिझेल पंप, नोझल किंवा टर्बो यांसारखे महागडे भाग तपासणीविनाच बदलले जातात. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा चोंदलेल्या फिल्टरमध्ये, सैल क्लिपमध्ये किंवा फाटलेल्या रबरी नळीत असतो.

जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेमुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर १०० मीटरला साधारण एक टक्क्याने घटते. पण ही घट कायमची आणि किरकोळ आहे. काल ओढणारी गाडी आज ओढत नसेल, तर त्याचे कारण उंचीत शोधण्यात अर्थ नाही.

शक्ती केव्हा जाते?

निदानाची सुरुवात अवजारांनी न करता चालकाला विचारलेल्या प्रश्नांनी करणे श्रेयस्कर ठरते. ‘फट्’ असा आवाज होऊन क्षणात ताकद गेली असेल, तर टर्बोपासून इंजिनाकडे जाणारी नळी निसटल्याचा किंवा फाटल्याचा संशय प्रथम घ्यावा. गाडी रिकामी असताना नीट चालते, पण भार आणि चढ येताच गुदमरते, असे असेल तर इंधन पुरेसे पोहोचत नसण्याची शक्यता अधिक असते.

काही किलोमीटर चालल्यावर ताकद जाते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा येते, हे लक्षण विशेष बोलके आहे. टाकीतील कचरा शोषनळीच्या तोंडाशी ओढला जातो आणि इंजिन बंद केल्यावर खाली बसतो. टाकीत हवा जाण्याचा मार्ग बुजला असेल तरीही असेच घडते: डिझेल कमी होत जाते, त्याची जागा घ्यायला हवा येत नाही आणि आत निर्वात निर्माण होतो. अशा वेळी टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढली गेल्याचा आवाज येतो व गाडी पूर्ववत चालू लागते. ही तपासणी फुकट आणि मिनिटभराची असूनही ती सर्वाधिक विसरली जाते.

धुराचा रंग

भाराखाली निघणाऱ्या धुरावरून शोधाची दिशा ठरते. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: चोंदलेला एअर फिल्टर, निसटलेली नळी, निकामी टर्बो किंवा उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह. निळसर धूर तेल जळत असल्याचे दर्शवतो. गरम इंजिनातून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल न जळता बाहेर पडत आहे किंवा शीतक पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे. ताकद नाही आणि धूरही नाही, अशी स्थिती बहुधा इंधनाच्या उपासमारीची असते. तिथे टर्बो उघडून काही साधत नाही.

इंधनपुरवठा

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा मार्ग शोषणाचा असतो. या भागात नळीला चीर पडली किंवा जोड सैल झाला, तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत खेचली जाते. म्हणून गळतीचा ओला डाग दिसत नाही आणि दोष लपून राहतो. यालाच ‘लाइनने एअर पकडणे’ म्हणतात. फीड पंपाच्या आधी तात्पुरती पारदर्शक नळी जोडून इंजिन चालवल्यास बुडबुड्यांची माळ स्पष्ट दिसते. केवळ हाताने पंप मारून हवा काढली तर गाडी काही काळ चालते, परंतु चीर तशीच असल्याने बिघाड परत येतो.

दुसरी खात्रीची चाचणी म्हणजे स्वच्छ डिझेलच्या वेगळ्या कॅनमधून इंजिनाला थेट पुरवठा करणे. ताकद परत आली तर दोष टाकी, तिची जाळी किंवा नळ्या यांत आहे. पंप व नोझल निर्दोष ठरतात. कॅन नीट बांधलेला आणि तापलेल्या सायलेन्सरपासून दूर असावा.

शेतावर पिंपात साठवलेल्या डिझेलमध्ये पावसाचे किंवा दवाचे पाणी शिरते. पाणी जड असल्याने फिल्टरच्या तळाशी जमते. तळाचा स्क्रू सैल करून निघालेला द्रव काचेच्या बाटलीत स्थिर ठेवल्यास पाण्याचा थर खाली वेगळा दिसतो. पाणी पंपात पोहोचल्यास गंज चढतो व वंगण नाहीसे होते, म्हणून नुसता फिल्टर बदलून न थांबता टाकीही रिकामी करून धुवावी लागते.

अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली गेली असेल, तर पेडल पूर्ण दाबूनही पंपावरील लिव्हर शेवटपर्यंत जात नाही. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने लिव्हर पाहावा, एवढे पुरते.

हवा आणि निर्गम

काळ्या मातीच्या रस्त्यांवरील बारीक धूळ आणि जिनिंगच्या आवारातील कापसाचे तंतू एअर फिल्टर लवकर भरतात. तेच तंतू रेडिएटरच्या जाळीवर बसून इंजिन तापवतात, हेही लक्षात घ्यावे. कागदी फिल्टरवर बाहेरून जोराची हवा मारल्यास धूळ कागदात रुतते; हवा आतून बाहेर आणि कमी दाबाने मारायची असते. फिल्टर काढून गाडी रस्त्यावर चालवून पाहण्याची प्रथा मात्र घातक आहे, कारण धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा घासते. सायलेन्सरच्या आतील पत्रा तुटून मार्ग अडल्यासही शक्ती जाते. ठोकल्यावर येणारा खुळखुळाट ही त्याची खूण असते.

कॉमन रेल इंजिने

१ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ४ मानकाच्या काळातील पिकअपमध्ये कॉमन रेल पद्धत सर्रास आढळते. येथे संगणक एखाद्या सेन्सरची चुकीची नोंद मिळताच इंजिनाची शक्ती हेतुपुरस्सर मर्यादित करतो आणि डॅशबोर्डवर दिवा लावतो. अशा वाहनात स्कॅनरने दोषसंकेत वाचणे आधी येते. संकेत सेन्सरचे नाव सांगतो, कारण नव्हे. ‘रेलमधील दाब कमी’ हा संकेत चोंदलेल्या डिझेल फिल्टरमुळेही उमटतो.

जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही हे ओळखतात: नट सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीच मेलेला असतो. ही पद्धत कॉमन रेलवर कदापि वापरू नये. तेथील दाब हजार बारच्याही वर जातो आणि डिझेलची धार त्वचा भेदून शरीरात शिरते. अशी जखम बाहेरून लहान दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज भासू शकते.

इंजिनाबाहेरील कारणे

इंजिनाचा वेग वाढतो पण गाडीचा वाढत नाही, सोबत जळका वास येतो, तर क्लचप्लेट घसरत आहे. एखाद्या चाकाचा ड्रम इतरांपेक्षा बराच गरम लागत असेल, तर ब्रेक धरून राहिला आहे. दोन्ही प्रसंगी इंजिन निर्दोष असते. इंधन, हवा आणि ही कारणे वगळली गेल्यावरच सिलिंडरचा दाब मोजणे योग्य होय. सर्व सिलिंडरांचा दाब सारखाच कमी असेल तर सर्वसाधारण झीज किंवा चुकलेले टायमिंग. शेजारच्या दोघांचाच कमी असेल तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट संशयास्पद ठरते.

तत्काळ थांबण्याचे प्रसंग

शक्ती जाण्याबरोबर तेलाचा दिवा लागला, तापमानाचा काटा चढला किंवा धातूचा खडखडाट ऐकू आला, तर गाडी पुढे रेटू नये. समृद्धी महामार्गासारख्या वेगवान रस्त्यावर मंद झालेल्या वाहनाला मागून धडक बसण्याचा धोका असल्याने इशारादिवे लावून ते कडेला घ्यावे.

टर्बोचे तेलसील फुटल्यास इंजिन स्वतःचेच वंगण तेल जाळत अनियंत्रित वेगाने फिरू लागू शकते. त्या वेळी चावी बंद करून उपयोग होत नाही, कारण डिझेल तोडले तरी तेल मिळत राहते. गाडी उभी असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडल्यास इंजिन दाबून बंद करता येते. ते न साधल्यास हवेचा मार्ग बंद करणे हा उपाय उरतो. मात्र त्यासाठी तोंडाशी हात न नेता सपाट, टणक फळी वापरावी. इंजिन फुटण्याची चिन्हे दिसू लागल्यास गाडीपासून दूर जाणेच योग्य.