ख्रिस्ती इतिहासात जग किती?

अमेरिकेत वसंत ऋतू आला की होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांची संमेलनं भरू लागतात. प्रकाशकांचे स्टॉल, जुन्या पुस्तकांची विक्री, व्याख्यानं, आणि पुढच्या वर्षाची पुस्तकं निवडायला सहकुटुंब आलेली माणसं. पहिली-दुसरीच्या वाचनाची किंवा गणिताची निवड त्या मानाने लवकर उरकते. मूल चौदा-पंधरा वर्षांचं झालं आणि 'वर्ल्ड हिस्टरी'चं वर्ष समोर आलं की श्रद्धाळू आईवडीलही थबकतात. या एका विषयात पृथ्वीचं वय येतं, रोम येतं, क्रूसेड येतात, मार्टिन ल्यूथर, गुलामांचा व्यापार, डार्विन आणि हिटलरही येतो. शिवाय हे मूल तीन-चार वर्षांत घराबाहेर पडणार असतं. जगाची ओळख घरात करून द्यायची ही शेवटची संधी.

मुलाचं शिक्षण ठरवण्याचा पालकांचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1925 सालीच, ऑरेगनमधल्या कॅथलिक शाळांच्या खटल्यात, मान्य केला होता. पुढे 1962 आणि 1963 च्या निकालांनी सरकारी शाळांतली प्रार्थना आणि धार्मिक बायबलवाचन बंद झालं. पुराणमतवादी प्रोटेस्टंट पालक दुखावले, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी आपल्या शाळा काढल्या. त्या शाळांसाठी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला दोन मोठी प्रकाशनगृहं उभी राहिली: फ्लोरिडातल्या पेन्साकोलाचं 'अबेका' आणि साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलचं 'बॉब जोन्स युनिव्हर्सिटी प्रेस'. याच दशकात जॉन होल्टसारखे शिक्षणविचारक धर्माशी काही संबंध न ठेवता मुलांना शाळेबाहेर शिकवायचा पुरस्कार करत होते. हे दोन प्रवाह होमस्कूलिंगमध्ये एकत्र आले. 1983 मध्ये पालकांच्या कायदेशीर बचावासाठी संघटना निघाली आणि 1993 पर्यंत पन्नासही राज्यांत वाट मोकळी झाली. सरकारी पाहणीनुसार घरी शिकणारी मुलं 1999 मध्ये साडेआठ लाख होती, 2012 मध्ये सुमारे अठरा लाख. यातली सगळी कुटुंबं धार्मिक नाहीत. तरी पुस्तकांचा बाजार उभा केला तो मुख्यतः ख्रिस्ती पालकांनीच.

कायदा पालकांवर किती सोडतो, हे आपल्याकडच्या वाचकाला नवलाचं वाटेल. न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. टेक्सासमध्ये वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व एवढेच विषय सक्तीचे आहेत. इतिहासाचं नावही त्यात नाही. बारावीअखेरची ट्रान्सक्रिप्ट बहुधा आई स्वतः टाइप करते. सुमारे 120 तासांच्या अभ्यासाला एक क्रेडिट, हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आलेला हिशेब. अशा ठिकाणी पुस्तक निवडणं म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षामंडळ आणि परीक्षक हे तिन्ही निवडणं होय.

त्या पुस्तकांत काय आहे? अबेका आणि बॉब जोन्स यांची दहावीची पुस्तकं शाळेसारखी आहेत: धडा, प्रश्न, चाचणी, शिक्षकासाठी उत्तरं. ज्या घरात चार मुलं आहेत आणि शिकवणारी एकटी आई आहे, तिथे ही शिस्त मोलाची असते. 'नॉटग्रास'चं 'एक्सप्लोरिंग वर्ल्ड हिस्टरी' जरा वेगळं आहे. तीस घटक, प्रत्येकात पाच धडे, दर घटकात बायबलचा पाठ, सोबत मूळ भाषणं, पत्रं, दस्तऐवज यांचा स्वतंत्र खंड आणि कादंबऱ्यांची यादी. इतिहास, इंग्रजी आणि बायबल असे तीन क्रेडिट एका वर्षात होतात. त्या यादीत बन्यनचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' आहे. हेच पुस्तक हरि केशवजींनी 1841 मध्ये 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणलं होतं, तेव्हा मराठी वाचकाला ही यादी अगदीच परकी नाही. लिंडा हॉबर यांची 'मिस्टरी ऑफ हिस्टरी' चार खंडांत सृष्टीच्या निर्मितीपासून आजपर्यंत येते. शार्लट मेसन या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञाच्या वाटेने जाणारे पाठ्यपुस्तक टाळतात. चांगली चरित्रं, प्रवासवर्णनं वाचायची आणि वाचलेलं मुलाने आपल्या शब्दांत सांगायचं.

यातल्या बऱ्याच पुस्तकांच्या पहिल्याच धड्यात मोठी अडचण येते. सतराव्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळी मोजून सृष्टीचा आरंभ इसवीसनपूर्व 4004 ला आणि जलप्रलय इसवीसनपूर्व 2348 ला ठरवला. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे असं मानणाऱ्या पुस्तकांत अजूनही हा किंवा याच्या जवळपासचा कालक्रम दिसतो. आता दुसरा तक्ता शेजारी ठेवा. गिझाचा मोठा पिरॅमिड इसवीसनपूर्व 2560 च्या सुमाराचा. हडप्पा-मोहेंजोदडोची भरभराट इसवीसनपूर्व 2600 ते 1900. म्हणजे अशरचा जलप्रलय सिंधू संस्कृतीच्या ऐन मध्यावर येतो, आणि उत्खननात तर तिथली वस्ती सलग नांदलेली दिसते. सोळा वर्षांच्या मुलाला हे दोन्ही तक्ते दाखवावेत, असं मला ठामपणे वाटतं. एकच दाखवला तर कॉलेजच्या पहिल्या सत्रात दुसरा दिसेलच, आणि तेव्हा त्याच्या मनातून केवळ तारीख जाणार नाही, आईवडिलांवरचा विश्वासही जाईल. सेंट ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहितानाच बजावलं होतं की निसर्गाबद्दल चुकीचं बोलून ख्रिस्ती माणसाने अश्रद्धांसमोर आपल्या धर्मग्रंथाची नाचक्की करू नये. ही कसोटी परंपरेच्या आतलीच आहे.

विद्यापीठांचा प्रश्नही खरा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने अबेका आणि बॉब जोन्सच्या पुस्तकांवर आधारलेले काही विषय प्रवेशासाठी नाकारले, तेव्हा 2005 मध्ये ख्रिस्ती शाळांच्या संघटनेने खटला भरला. 2008 मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला आणि 2010 मध्ये अपिलातही टिकला. खटला शाळांचा होता, होमस्कूलिंगचा नव्हे. पण त्यातून पालकांनी घेण्यासारखं आहे. श्रद्धेचा दृष्टिकोन असणं हा तिथे आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो विषयाचं पुरेसं ज्ञान आणि पुरावा तपासायची सवय मुलाला मिळते का, यावर.

चर्चच्या इतिहासातली सर्वांत ठसठसणारी जागा ल्यूथरची. प्रोटेस्टंट पुस्तकांत 1517, म्हणजे त्याने रोमच्या चर्चला आव्हान दिलं ते वर्ष, ही पहाट असते. कॅथलिक पालकांना ते पटत नाही, म्हणून त्यांनी व्हर्जिनियातल्या 'सेटन होम स्टडी'सारखी आपली व्यवस्था उभारली. एखादं पुस्तक जोखायचं असेल तर मी आधी हेच प्रकरण उघडेन, आणि त्यातला कॅथलिक माणूस कॅथलिक वाचकाला ओळखीचा वाटेल का, एवढंच पाहीन.

पण माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. या पुस्तकांना 'ख्रिस्ती' म्हणतात ते खरं आहे, 'जगाचा इतिहास' म्हणतात ते मात्र पुष्कळदा अपुरं आहे. जेरुसलेम, अथेन्स, रोम, ल्यूथरचं विटेनबर्ग, लंडन, फिलाडेल्फिया असा एक रस्ता आखलेला असतो आणि आशिया-आफ्रिका त्या रस्त्याच्या कडेला भेटतात. यात ख्रिस्ती धर्माचाच अर्धा इतिहास गळतो. इथिओपियातल्या अक्सूमचा राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला. चीनमध्ये शीआनला 781 चा शिलालेख आहे. 635 मध्ये पश्चिमेकडून आलेल्या धर्मगुरूची हकीकत त्यावर कोरली आहे. हा शिलालेख कोरला गेला त्याच काळात बगदादमध्ये पूर्वेकडच्या चर्चचे प्रमुख तिमथी खलिफा अल-महदीशी धर्मावर वाद घालत होते. तो संवाद आज इंग्रजीत वाचायला मिळतो, आणि शांतपणे मतभेद कसा मांडावा हे शिकायला पंधरा वर्षांच्या मुलाला त्याच्याइतका चांगला मजकूर क्वचित सापडेल. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस 'कल्याणा'त बिशप असल्याचं लिहितो. अनेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. 1321 मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, आणि त्यांचा सोबती जॉर्डानस याने पुढे भारताचं वर्णन लिहिलं. इतकं जवळचं, इतकं ख्रिस्ती आणि इतकं जागतिक साहित्य हाताशी असताना पुस्तकं विटेनबर्गवर खिळून का राहतात?

कडू भागही याच प्रदेशांत आहेत. गोव्यात 1579 मध्ये आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्लिश जेझुइटने मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचलं. 1616 मध्ये ते छापलं गेलं. त्याच गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, आणि मधला थोडा खंड सोडला तर ते 1812 पर्यंत चाललं. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य त्याच्या कोठडीत राहिला आणि 1687 मध्ये त्याने आपला अनुभव छापला. स्टीफन्स आणि देलों एकाच आठवड्यात वाचायला द्यावेत. तसंच 1550-51 मध्ये स्पेनमधल्या वायादोलिदला झालेला वाद: अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना जिंकून घेणं न्याय्य आहे का, यावर विरोधक लास कासास आणि समर्थक सेपुल्वेदा भांडले, आणि दोघेही बायबल हातात घेऊन भांडले. गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसने 1845 च्या आत्मकथनाच्या शेवटी ख्रिस्ताचा धर्म आणि गुलाममालकांचा धर्म यांत केलेला भेद तर याच वयात वाचायला हवा. श्रद्धावान घरातल्या मुलाला हे घरीच कळावं, प्रेमाने कळावं.

कादंबऱ्यांबाबतही सावध राहायला हवं. जी. ए. हेंटी या इंग्रज लेखकाच्या मुलांसाठीच्या ऐतिहासिक कादंबऱ्या होमस्कूलिंगच्या वर्तुळात पुन्हा छापल्या गेल्या आणि अनेक याद्यांत मानाने असतात. त्याची 'ॲट द पॉइंट ऑफ द बायोनेट' विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीची, आणि ती चक्क आपल्याबद्दल आहे. इंग्रज अधिकाऱ्याचं अनाथ झालेलं मूल मराठी दाई वाढवते, ते मराठ्यांत मोठं होतं, आणि मग त्याचं शौर्य कंपनीच्या कामी येतं. गोष्ट वेगवान आहे. मुलं एका बैठकीत वाचतात. पण अमेरिकेतल्या एखाद्या मुलाला मराठा राज्याची ओळख केवळ एवढीच झाली, तर त्याला मराठे हे इंग्रजांच्या पराक्रमासाठी मांडलेला देखावा वाटतील. याच सुमाराला, 1900 मध्ये, न्यायमूर्ती रानडे यांचं 'राइज ऑफ द मराठा पॉवर' निघालं, तेही इंग्रजीत. हेंटी वाचू द्यावा, आणि लगेच रानड्यांची पहिली दोन प्रकरणं. दोन्ही लेखक एकाच साम्राज्यात जगले आणि दोघांना मराठे किती वेगळे दिसले, हे मुलाला स्वतःच दिसेल.

जगाला जागा कमी पडण्याचा दोष केवळ ख्रिस्ती पुस्तकांचा नाही. कॉलेज बोर्डाने 2018 मध्ये आपला एपी वर्ल्ड हिस्टरीचा (शाळेतच शिकवला जाणारा, कॉलेजच्या पातळीचा) अभ्यासक्रम 1450 पासून सुरू करायचं जाहीर केलं, तेव्हा युरोपीय विस्ताराआधीचा आशिया आणि आफ्रिका वगळला जाईल म्हणून शिक्षक-विद्यार्थ्यांनी विरोध केला. शेवटी 1200 वर तडजोड झाली.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण येते. 1886 ते 1888 त्या अमेरिकेत होत्या आणि परतल्यावर त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' लिहिलं. स्वतः ख्रिस्ती झालेली मराठी बाई अमेरिकेचं शिक्षण, तिथले पंथ, स्त्रियांची स्थिती तपासते. भरभरून कौतुक करते आणि कृष्णवर्णीयांशी होणाऱ्या वागणुकीवर बोटही ठेवते. हे पुस्तक इंग्रजीत आलं आहे. अमेरिकन ख्रिस्ती घरातल्या मुलीला आपला देश दुसऱ्या ख्रिस्ती डोळ्यांनी पाहायला मिळणं, याहून चांगला धडा मला सुचत नाही.

कुणी विचारलंच, तर मी आधारग्रंथ म्हणून सुझन वाइज बाउअर यांचे खंड सुचवेन. बाउअर स्वतः आईकडे घरी शिकल्या. त्यांच्या 2007 च्या 'हिस्टरी ऑफ द एन्शंट वर्ल्ड'मध्ये भारत आणि चीन यांना तळटीप नव्हे, प्रकरणं मिळाली आहेत. ज्यांना बायबलचा पाठ रोज सोबत हवा, त्यांनी नॉटग्रास घ्यावं, पण त्याचा दस्तऐवजांचा खंड कपाटात ठेवू नये. खरं शिक्षण त्यातच आहे. पाठांतराच्या चाचण्या निम्म्या करून वर्षभरात चार निबंध लिहून घ्यावेत: तिमथी आणि खलिफा, वायादोलिद, गोवा, हेंटी आणि रानडे. प्रत्येकात दोन्ही बाजूंचा मूळ मजकूर वापरायचा, आणि मग स्वतःचं मत. आईला सगळं येत नसेल तर को-ऑपमधल्या, म्हणजे होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांच्या गटातल्या, दोन-तीन कुटुंबांनी मिळून चर्चा घ्यावी. एकट्या मुलाला वाद घालायला समोर कुणी लागतंच. मे महिन्यात ट्रान्सक्रिप्टवर एक क्रेडिट टाइप करताना हे निबंध तपासलेल्या खुणांसकट फाइलमध्ये लावून ठेवावेत. घरी शिकलेल्या विद्यार्थ्यांकडून काही कॉलेजं तपासलेल्या लिखाणाचे नमुने मागतात.