दहावी उत्तीर्णतेच्या अटी (जालना जिल्हा)

जालना जिल्ह्यातील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने शालेय शिक्षणाची पूर्तता म्हणजे माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षा, अर्थात बोलीभाषेतील 'दहावी' किंवा 'बोर्डाची परीक्षा' उत्तीर्ण होणे होय. ही परीक्षा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे यांच्यामार्फत घेतली जाते. जालना जिल्हा या मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) विभागीय मंडळाच्या कक्षेत येतो. बीड, परभणी, हिंगोली व छत्रपती संभाजीनगर हे जिल्हेही याच विभागात आहेत. अमेरिकेसारख्या देशांत शालेय पदवी बारावीनंतर व बहुधा श्रेयांकांच्या बेरजेवर शाळाच देते. महाराष्ट्रात मात्र दहावी व बारावी असे दोन स्वतंत्र टप्पे आहेत आणि दोन्ही टप्प्यांवर निर्णय शाळेबाहेरील मंडळाचा असतो. प्रस्तुत लेखात पहिल्या टप्प्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात माध्यमिक शिक्षणाची भाषा प्रामुख्याने उर्दू होती. १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानेही उर्दू हेच माध्यम स्वीकारले होते. त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला मॅट्रिक होण्यासाठी आधी एक परकी भाषा आत्मसात करावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यानंतर ही स्थिती पालटली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १९६५ च्या अधिनियमानुसार १ जानेवारी १९६६ रोजी राज्य मंडळ अस्तित्वात आले.

त्या काळी मॅट्रिकची परीक्षा अकरावीच्या अखेरीस होत असे. जुन्या पिढीतील माणसे स्वतःला 'जुनी अकरावी' शिकलेली म्हणतात ते यामुळेच. दहा अधिक दोन हा आकृतिबंध आल्यावर दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. जालना जिल्हा त्यानंतरचा. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन करून व परभणीतील परतूर तालुका जोडून तो निर्माण करण्यात आला. आज त्यात जालना, अंबड, भोकरदन, बदनापूर, घनसावंगी, परतूर, मंठा व जाफराबाद असे आठ तालुके आहेत.

परीक्षेस बसण्याची पात्रता

परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होत असली, तरी तिच्या अटींची पूर्तता बरीच आधी सुरू होते. नियमित विद्यार्थ्याने मान्यताप्राप्त शाळेतून नववी उत्तीर्ण केलेली असावी लागते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवता येत नसे. परिणामी नववी हा विद्यार्थ्याला अडवणारा पहिला वर्ग ठरला आणि शाळागळतीचा मोठा भाग तेथेच साचला. २०२३ मधील नियमबदलानंतर राज्यात पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षांना पुन्हा महत्त्व आले आहे.

दुसरी अट उपस्थितीची. वर्षभरात किमान ७५ टक्के हजेरी आवश्यक असते. कागदावर साधी दिसणारी ही अट जालन्यात सर्वांत अवघड ठरते. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. दहावीचे दुसरे सत्र, तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा आणि लेखी परीक्षा हे सारे नेमके याच काळात येते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत. मात्र ती प्रामुख्याने शिक्षणहक्क कायद्याच्या वयोगटासाठी, म्हणजे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी योजलेली आहेत. नववी-दहावीचा विद्यार्थी बहुधा आजी-आजोबांकडे राहतो किंवा कोयता हाती घेतो. जोडीने तोडणी करण्याच्या पद्धतीमुळे मोठ्या मुलाचे हात कुटुंबाला हवेच असतात, हेही विसरता येत नाही.

मुलींच्या बाबतीत यात विवाहाची भर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) अठरा वर्षांपूर्वी विवाह झालेल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के आढळले. जालन्यातील प्रमाण या सरासरीपेक्षा बरेच अधिक आहे. गावात दहावीपर्यंत शाळा नसेल, तर सातवी-आठवीनंतर मुलीची शाळा थांबते. एस. टी. महामंडळाचा अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पास आणि मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बसगाड्या यांचे मोल त्यामुळे येथे शहरी वाचकाला वाटते त्याहून अधिक आहे.

आवेदनपत्र शाळेमार्फत ऑनलाइन भरले जाते. नाव, आईचे नाव, जन्मतारीख व विषय यांची माहिती शाळेच्या जनरल रजिस्टरशी जुळली पाहिजे. दहावीचे प्रमाणपत्र पुढे आयुष्यभर जन्मतारखेचा पुरावा म्हणून वापरले जाते. साहजिकच या टप्प्यावरची चूक नंतर नोकरी, पारपत्र व निवृत्तिवेतन यांच्यापर्यंत पाठलाग करते. दुष्काळ जाहीर झालेल्या भागांत परीक्षा शुल्काची सवलत मिळते. २०२३ मध्ये राज्यातील ४० तालुके दुष्काळग्रस्त घोषित झाले. त्यांत जिल्ह्यातील भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड व मंठा हे पाच तालुके होते.

शाळा सुटलेल्या व्यक्तीस 'फॉर्म नंबर १७' भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेस बसता येते. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो व मंडळ एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून ठरवून देते. ही नोंदणी परीक्षेच्या कित्येक महिने आधी करावी लागते. फेब्रुवारीत जाग येणाऱ्यास तिचा उपयोग नाही.

विषय व गुण

एकूण गुण ६०० असतात. तीन भाषा, गणित, विज्ञान व तंत्रज्ञान आणि सामाजिक शास्त्रे या सहा विषयांना प्रत्येकी १०० गुण आहेत. मराठी माध्यमाच्या शाळांत मराठी प्रथम, हिंदी किंवा हिंदी-संस्कृत संयुक्त द्वितीय व इंग्रजी तृतीय भाषा असते. जालना, भोकरदन, अंबड आदी ठिकाणच्या उर्दू माध्यमाच्या शाळांतील विद्यार्थ्यांनाही मराठी शिकावीच लागते. मराठीच्या सक्तीस २०२० च्या स्वतंत्र कायद्याचा आधार आहे.

भाषांची लेखी परीक्षा ८० गुणांची व तीन तासांची असते. गणिताचे दोन भाग (बीजगणित व भूमिती), विज्ञानाचे दोन भाग, तसेच इतिहास-राज्यशास्त्र व भूगोल यांच्या प्रत्येकी ४० गुणांच्या, दोन तासांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. उरलेले २० गुण शाळेकडे, म्हणजे तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक, स्वाध्याय वा अंतर्गत मूल्यमापनासाठी असतात.

या वीस गुणांचे महत्त्व २०१९ मध्ये लख्ख दिसून आले. त्या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रांतील अंतर्गत गुण रद्द करण्यात आले होते. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर उतरला. वीस गुण पुन्हा सुरू होताच २०२० मध्ये तो ९५.३० टक्के झाला. एका वर्षात मुले कमी शिकली व पुढच्या वर्षी एकाएकी हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. निकालाच्या टक्केवारीवरून शाळेची किंवा जिल्ह्याची गुणवत्ता ठरवणाऱ्याने हे आकडे ध्यानात ठेवावेत. २०२१ मध्ये तर करोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवर गुण देण्यात आले व निकाल ९९.९५ टक्के लागला. २०२५ चा निकाल ९४.१० टक्के होता.

गुणांच्या विषयांखेरीज आरोग्य व शारीरिक शिक्षण, स्वविकास व कलारसास्वाद, जलसुरक्षा यांसारखे श्रेणी विषयही पूर्ण करावे लागतात. त्यांचे मूल्यमापन शाळा करते. वारंवार अवर्षण अनुभवणाऱ्या जिल्ह्यात जलसुरक्षा हा विषय वहीत उतरवून घेण्यापुरता उरावा, ही खेदाची बाब म्हटली पाहिजे.

उत्तीर्णतेचे निकष

सर्वसाधारण नियमानुसार प्रत्येक विषयात १०० पैकी ३५ गुण हवेत. मात्र हा नियम वाटतो तितका ताठर नाही. विषयगटांना एकत्रित उत्तीर्णतेची सवलत आहे. तीन भाषांत मिळून १०५ गुण व प्रत्येकीत किमान २५ गुण असल्यास विद्यार्थी उत्तीर्ण समजला जातो. गणित व विज्ञान यांत मिळून ७० व प्रत्येकी किमान २५ गुण पुरतात. उदाहरणार्थ, मराठीत ४५, हिंदीत ३२ व इंग्रजीत २८ गुण मिळवणारी विद्यार्थिनी इंग्रजीत ३५ च्या खाली असूनही उत्तीर्ण होते. गणितात २७ व विज्ञानात ४३ गुण असले तरी चालते. मात्र गणितात २४ गुण असतील, तर विज्ञानातले ६० गुणही तिला या सवलतीत बसवू शकत नाहीत. खेड्यातील विद्यार्थ्यांची गाडी बहुधा इंग्रजी व गणित या दोनच विषयांत अडते. त्यांना ही सवलत माहीत असणे म्हणूनच उपयुक्त आहे.

टक्केवारी काढताना सहापैकी अधिक गुणांचे पाच विषय धरले जातात. 'बेस्ट ऑफ फाइव्ह' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत २०१० पासून लागू आहे. तिचा संबंध केवळ टक्केवारीशी आहे. सहावा विषय सोडून देता येतो असा समज आढळतो, तो चुकीचा आहे. ७५ टक्के व त्याहून अधिक गुणांस विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय श्रेणी व ३५ पासून उत्तीर्ण श्रेणी दिली जाते. क्रीडा, शासकीय रेखाकला परीक्षा व लोककला यांतील प्राविण्यासाठी वाढीव गुण मिळतात. त्यांचे प्रस्ताव शाळेने मुदतीत पाठवावे लागतात. दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक आदी सवलती आहेत. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र व मंडळाची पूर्वपरवानगी लागते.

परीक्षा केंद्र व गैरप्रकार

परीक्षार्थ्याचा बैठक क्रमांक प्रवेशपत्रावर (हॉल तिकिटावर) असतो. प्रश्नपत्रिका परिरक्षकाकडून केंद्र संचालकाकडे येतात व वर्गात पर्यवेक्षक त्या वाटतो. २०२३ पासून प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी देण्याची पद्धत बंद झाली. ती दहा मिनिटे आता शेवटी वाढवून दिली जातात.

कॉपी हा जिल्ह्यातील जुना व उघड प्रश्न आहे. केंद्राच्या भिंतीवर चढलेले नातलग आणि त्यांच्या मागे धावणारे पोलीस हे दृश्य वृत्तपत्रांना नवे नाही. गैरप्रकारांविरुद्ध १९८२ चा राज्य कायदा आहे. बैठी पथके, भरारी पथके व कॉपीमुक्त अभियान हे उपायही दरवर्षी योजले जातात. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी, मराठीच्या पहिल्याच पेपरला, बदनापुरात प्रश्नपत्रिका बाहेर आल्याच्या बातम्या राज्यभर पसरल्या. मूळ प्रश्नपत्रिका फुटल्याचे मंडळाने अमान्य केले. त्या वर्षी पूर्वी गैरप्रकार आढळलेल्या केंद्रांवर अन्य शाळांचे पर्यवेक्षक नेमण्याचा निर्णयही झाला होता. अशा प्रसंगी सर्वाधिक हानी होते ती प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची, कारण संशय साऱ्या केंद्राच्या गुणपत्रिकांवर पडतो.

अनुत्तीर्ण झाल्यास

एक किंवा दोन विषय राहिलेल्या विद्यार्थ्यास 'एटीकेटी'च्या सवलतीने अकरावीत प्रवेश घेता येतो. राहिलेले विषय त्याला पुढील संधींत सोडवावे लागतात. पुरवणी परीक्षा पूर्वी ऑक्टोबरमध्ये होत असे. २०१५ पासून ती जुलैच्या सुमारास होते, त्यामुळे वर्ष वाया जाणे टळते. उत्तीर्ण विद्यार्थ्यांस श्रेणीसुधाराची सोय आहे. गुणांविषयी शंका असल्यास गुणपडताळणी करता येते. पुनर्मूल्यांकनासाठी मात्र आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेणे बंधनकारक आहे. औपचारिक शाळा मुळीच शक्य नसलेल्यांसाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा पर्याय उपलब्ध आहे. जून-जुलैमध्ये ऊसतोड कुटुंबे गावीच असतात. पुरवणी परीक्षेचा हा काळ त्यांच्या मुलांना मूळ परीक्षेपेक्षाही सोयीचा ठरतो, पण तिचे आवेदनपत्र निकालानंतर थोड्याच दिवसांत भरावे लागते.

निकालानंतरची कागदपत्रे

ऑनलाइन निकालानंतर काही दिवसांनी मूळ गुणपत्रिका शाळेतून मिळते. तिच्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला घ्यावा. अन्य मंडळाकडे जाणाऱ्यास स्थलांतर प्रमाणपत्रही लागते. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया संपूर्ण राज्यास लागू झाली. त्यामुळे पूर्वी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात थेट जाऊन प्रवेश घेणाऱ्या जालन्यातील विद्यार्थ्यांनाही आता संकेतस्थळावर पसंतीक्रम भरावा लागतो. राखीव जागेसाठी जातीचा दाखला व लागू असेल तेथे नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र हवे असते. निकालानंतर तहसील कार्यालये व सेतू केंद्रांवर त्यांसाठी रांगा लागतात, म्हणून हे दाखले दहावीचे वर्ष सुरू असतानाच काढून ठेवणे सोयीचे असते.