कोणाचीही जहागीर न झालेला मतदारसंघ

कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा हे ठिकाण प्रवाशांना परिचित आहे ते तेथील खिचडीमुळे. परंतु अकोला, वाशीम आणि हिंगोलीकडून नांदेडास उतरणारा मार्ग आणि नागपूर-यवतमाळहून उमरखेड, हदगाव करीत येणारा मार्ग यांचा येथे जो संगम होतो, त्याला केवळ वाहतुकीचे नव्हे, तर निर्वाचनाच्याही भूगोलाचे महत्त्व आहे. हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ अशा तीन जिल्ह्यांच्या मुलखातून जो हिंगोली लोकसभा मतदारसंघ आखला गेला आहे, त्याचे दूरदूरचे भाग ज्या मोजक्या वाटांनी एकमेकांशी जोडले जातात, त्यांपैकी दोन या फाट्यावर येऊन मिळतात.

हा मतदारसंघ अस्तित्वात येण्यापूर्वी या प्रदेशाने अनेक राजवटी अनुभवल्या होत्या. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत येथील मराठवाड्याच्या भागात निजामाचा अंमल होता आणि कळमनुरी हा परभणी जिल्ह्याचा तालुका होता. पहिली सार्वत्रिक निवडणूक 1952 साली हैदराबाद राज्यात झाली, तेव्हा प्रौढ मताधिकाराचा हक्क प्रथमच हाती आलेल्या परभणीच्या मतदारांनी शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना लोकसभेत पाठविले. काँग्रेसच्या त्या ऐन भरभराटीच्या काळात ही गोष्ट सामान्य नव्हती. 1956 च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. पुढे 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला, तेव्हा लोकसभेपासून पंचायत समितीच्या गणापर्यंत निवडणुकीची एक अखंड शिडी गावकऱ्यांसमोर उभी राहिली.

हिंगोली या नावाने लोकसभेची पहिली निवडणूक झाली ती 1977 साली, आणीबाणीनंतरच्या लोकक्षोभात. आणि जनता पक्षाचे चंद्रकांत पाटील हे या जागेचे पहिले खासदार झाले. त्यानंतर 1980, 1984 आणि 1989 अशा तीन निवडणुका काँग्रेसच्या उत्तमराव राठोड यांनी जिंकल्या. दिल्लीतील सत्ता या अवधीत दोनदा पालटली, तरी त्यांचे आसन ढळले नाही, तेव्हा हा मतदारसंघ आता एका घराच्या दफ्तरी जमा झाला, असे कोणास वाटले असते तर त्यात नवल नव्हते.

परंतु येथूनच या इतिहासाचा खरा रस आरंभ होतो. 1991 मध्ये शिवसेनेचे विलास गुंडेवार निवडून आले आणि त्या दिवसापासून आजपर्यंत या मतदारसंघाने कोणत्याही खासदारास लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून दिलेले नाही. 1996 मध्ये शिवसेनेचे शिवाजी माने, 1998 मध्ये काँग्रेसच्या सूर्यकांता पाटील, 1999 मध्ये पुन्हा माने, 2004 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या उमेदवार म्हणून पुन्हा सूर्यकांता पाटील: आठ-नऊ वर्षांच्या कालावधीत ही जागा दोन व्यक्तींत आळीपाळीने फिरत राहिली. 2009 मध्ये शिवसेनेचे सुभाष वानखेडे विजयी झाले.

2014 ची निवडणूक तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. देशभर भारतीय जनता पक्षाची लाट उसळली असता महाराष्ट्राच्या 48 जागांपैकी काँग्रेसच्या पदरी केवळ दोन पडल्या, त्या शेजारशेजारच्या नांदेड आणि हिंगोली या होत. कळमनुरीचे आमदार राजीव सातव यांनी वानखेडे यांचा अवघ्या 1,632 मतांनी पराभव केला. पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांतून वर आलेले सातव हे त्या शिडीची प्रत्येक पायरी चढून दिल्लीस पोहोचलेले पुढारी होते. 16 मे 2021 रोजी त्यांचे अकाली निधन झाले. त्याआधीच्या, 2019 च्या निवडणुकीत ते उभे राहिले नव्हते. काँग्रेसने वानखेडे यांनाच उमेदवारी दिली, आणि ज्या शिवसेनेच्या नावावर ते पूर्वी विजयी झाले होते, त्याच पक्षाच्या हेमंत पाटील यांनी त्यांना सुमारे पावणेतीन लाख मतांनी पराभूत केले. 2024 मध्ये फुटलेल्या शिवसेनेचीच दोन दले परस्परांसमोर ठाकली. शिंदे गटाने विद्यमान खासदारास बाजूस सारून बाबूराव कदम कोहळीकर यांना पुढे केले आणि ठाकरे गटाचे नागेश पाटील आष्टीकर एक लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले.

या अस्थैर्याचे कारण मतदारांच्या चंचलतेत शोधणे अन्यायाचे होईल. वसमतचा हळद आणि ऊस पिकविणारा शेतकरी, किनवटच्या डोंगराळ भागातील आदिवासी, पैनगंगेपलीकडील, म्हणजे विदर्भातील, उमरखेडचा कापूस उत्पादक आणि हिंगोली-कळमनुरीचा कोरडवाहू कास्तकार यांचे प्रश्न, बाजारपेठा आणि जिल्हा कचेऱ्याही निराळ्या आहेत. सहा विधानसभा मतदारसंघांपैकी तीन हिंगोली जिल्ह्यात, दोन नांदेडात आणि एक यवतमाळात असल्यामुळे कोणत्याही एका जिल्ह्याच्या पुढाऱ्यास आपल्या घरच्या बळावर संपूर्ण मतदारसंघ कायम कह्यात ठेवणे दुष्कर ठरते. त्यात 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, 2008 साली मतदारसंघांची पुनर्रचना झाली, आणि पक्ष फुटत गेले; म्हणजे हद्द आणि झेंडा या दोहोंपैकी एकही फार काळ स्थिर राहिला नाही.

या अदलाबदलीची किंमतही मोजावी लागते: दरवेळी नवा प्रतिनिधी कामाची ओळख करून घेईपर्यंत त्याची मुदत सरत आलेली असते. तथापि दीर्घकाळ जहागिरीच्या सावलीत राहिलेल्या या मुलखाने मतपत्रिका हाती येताच प्रतिनिधित्वाचे वतन होऊ दिले नाही, हे त्याच्या राजकीय प्रौढत्वाचेच लक्षण मानले पाहिजे.