जुन्या कागदांचं कोलाज : कातर लावण्याआधी



काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गाला मी सांगितलं, "उद्या घरातले जुने कागद घेऊन या, आपण कोलाज करू." दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या चित्रात झाडाचं खोड फार सुंदर जमलं होतं. जवळ जाऊन पाहिलं तर तो तिच्या पणजोबांचा शाळेचा दाखला! अर्धा पांढऱ्या गोंदाने पक्का चिकटलेला, अर्धा कचऱ्याच्या डब्यात. जात पडताळणीसाठी घरच्यांना नेमका तोच हवा होता. दुसरी प्रत मिळवताना तिच्या वडिलांना बरेच खेटे घालावे लागले. चूक मुलीची नव्हती, माझी होती. काय आणायचं ते मी सांगितलं; काय आणायचं नाही, ते सांगितलंच नाही.

तरीही हा उपक्रम मी सोडला नाही. फक्त पद्धत बदलली.

कोलाज म्हणजे काय?

'चिकटवणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव आलं. 1912 मध्ये पिकासो आणि ब्राक यांनी चित्रात कागद, मेणकापड असल्या वस्तू चिकटवल्या आणि हा प्रकार आधुनिक कलेत आला. पण कागद कापून चित्र करणं त्याहून जुनं आहे. इंग्लंडमधल्या मेरी डिलेनी या बाईंनी वयाच्या सत्तरीनंतर रंगीत कागदाचे बारीक तुकडे चिकटवून जवळजवळ एक हजार फुलांची चित्रं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वर्गात हे सांगितलं की एखादं मूल हमखास म्हणतं, "मग माझी आजीपण करू शकेल!"

आधी तीन ढीग

मुलांनी एकट्याने नाही, घरातल्या मोठ्यांसोबत बसून कागदांचे तीन ढीग करायचे.

1. हात लावायचा नाही : दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, सातबारा, खरेदीखत, रेशनकार्ड आणि मोडीतला कुठलाही कागद. मोडी आपल्याला वाचता येत नाही म्हणून तो कागद बिनकामाचा ठरत नाही. उलट, जाणकाराकडून वाचून घेईपर्यंत तो जपायचा.
2. झेरॉक्स काढून वापरायचं : फोटो, पत्रं, आजीच्या हातची पाककृतींची वही, लग्नपत्रिकेची एकुलती एक प्रत.
3. खुशाल कापायचं : जुनी कॅलेंडरं, वर्तमानपत्रं, फाटके नकाशे, जादा पत्रिका, कोरी आंतरदेशीय पत्रं, एसटीची तिकिटं, पातळाच्या काठाचे उरलेले तुकडे, सुट्ट्या गुंड्या.

शंका आली की कागद दुसऱ्या ढिगात. हा नियम मुलं पटकन शिकतात.

चिकटवायचं कशाने?

पांढरा गोंद वाळला की सहज निघत नाही. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग सोडते. टाचण्या गंजतात. आपली घरची खळ उत्तम. एक भाग मैदा आणि पाच भाग पाणी. आधी थोड्या गार पाण्यात मैदा कालवा, गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सारखं ढवळा. चकाकी आली की उतरवा. गार झाल्यावर ब्रशने पातळ थर द्या. ही खळ ओलसर केली की पुन्हा सुटते, म्हणजे चूक दुरुस्त करता येते. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या कामात नकोच. लागेल तेवढीच खळ करा, दोन दिवसांत ती आंबते.

घरच्या इंकजेट प्रिंटचा रंग ओल्या खळीने पसरतो, झेरॉक्सचा पसरत नाही. मूळ फोटोला खळ लावू नका. कागदाचे त्रिकोणी कोपरे चिकटवून त्यात तो अडकवा. झालेलं चित्र उन्हात टांगू नका. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन असतं, उजेडाने आणि हवेने ते पिवळं पडतं.

चित्र कशाचं?

"काहीही करा" म्हटलं की मुलं घर, डोंगर, सूर्य करतात. त्याऐवजी एक प्रश्न द्या : आजोबा पहिल्यांदा गाव सोडून कुठे गेले? आजीच्या लग्नात जेवायला काय होतं? मुलाने घरी विचारायचं, ऐकायचं आणि त्या उत्तराचं चित्र करायचं. चित्रामागे चार ओळी लिहायच्या : कागद कुणाचा, कधीचा, हे कुणी सांगितलं. भाषेचा आणि इतिहासाचा तास त्यातच होऊन जातो.

एक सांभाळा. प्रत्येक घरात जुने कागद असतातच असं नाही. कुणाचं घर पुरात गेलं असेल, कुणी दरवर्षी ऊसतोडीला जात असेल. अशा मुलाने साध्या कागदावर ऐकलेली गोष्ट लिहावी आणि तोच कागद कापून लावावा. तोही वारसाच.

त्या मुलीचा दाखला आम्ही ओल्या फडक्याने सोडवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. आता दरवर्षी पहिल्या तासाला मी ही गोष्ट सांगतो आणि मगच कातर हातात देतो.

तुम्हीही येत्या सुट्टीत मुलांसोबत ती जुनी पेटी उघडा. कापण्याआधी वाचा.