प्लॅस्टिकचे गेलेले आटे

उंसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे आष्ट्याच्या रस्त्यांवर धुळीचें राज्य असतें. सांगली आणि इस्लामपूर यांच्या दरम्यान वसलेल्या या गांवाच्या चहूंकडे काळी जमीन आहे. शेतांतून भरलेल्या ट्रॉल्या निघाल्या कीं त्यांच्या चाकांबरोबर माती डांबरी रस्त्यावर येते, वाळते, आणि मागून येणाऱ्या मोटारीवर बसते. अंगावर बसलेली धूळ पाण्यानें जाते. परंतु तीच एंजिनच्या पोटांत शिरली तर पाण्याचा उपाय चालत नाहीं. आणि तिला बाहेर थोपविण्याचें काम पुष्कळदां दोन-तीन रुपयांच्या एका स्क्रूवर अवलंबून असतें.

एंजिनास लागणारी हवा कागदाच्या घड्यांच्या गाळणींतून आंत जाते, व ही गाळणी एका प्लॅस्टिकच्या पेटींत ठेवलेली असते. कित्येक मोटारींत या पेटीचें झाकण कळांनीं बसवितात. कांहींत तें चार-पांच स्क्रूंनीं आवळलेलें असतें. धूळ झटकण्याकरितां पेटी वरचेवर उघडली जाते, आणि एखाद्या दिवशीं एक स्क्रू नुसताच गरगर फिरूं लागतो. स्क्रूचे आटे गेले, असें लोक म्हणतात. वास्तविक स्क्रूचे आटे जागच्या जागीं असतात; गेलेले असतात ते पेटीच्या खुंटांतले. चारांपैकीं एक सैल राहिला तर काय बिघडलें, असें वाटणें साहजिक आहे. पण त्या कोपऱ्यांत झाकण केसभर उचललें जातें, आणि हवा नेहमीं सोपी वाट शोधते. गाळणी चुकवून गेलेल्या धुळींतील वाळूचे कण सिलिंडर व पिस्टनच्या कड्या यांच्यामध्यें कांचकागदासारखें काम करतात. मग एंजिन तेल पिऊं लागतें, त्याचा जोर उतरतो, आणि दुरुस्तीचा खर्च हजारांत मोजावा लागतो.

या मुलुखास लोखंडाची ओळख जुनी आहे. 1910 सालीं औंध संस्थानांत, कुंडल रोड स्टेशनजवळ, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना उभारला, आणि तेथून निघालेल्या लोखंडी नांगरांबरोबर नट-बोल्ट व पान्हा शेतकऱ्याच्या हातीं आले. नांगराचा बोल्ट आवळावयाचा तो हातांत जोर आहे तोंवर. लोखंड तो जोर सोसतें, इतकेंच नव्हे तर मागतें. हीच सवय प्लॅस्टिकला नडते.

लोखंडी नटांत आटे आधींच कापलेले असतात. प्लॅस्टिकच्या खुंटांत बहुधा नुसतें गुळगुळीत भोंक असतें, आणि कारखान्यांत प्रथम बसविलेला स्क्रूच आपली वाट त्यांत दाबून तयार करतो. साध्या मेट्रिक आट्याचा कोन 60 अंशांचा असतो. प्लॅस्टिकसाठीं मुद्दाम केलेल्या स्क्रूचा पुष्कळदां त्याच्या निम्मा, म्हणजे 30 अंशांच्या आसपास असतो, व त्याचे आटेही विरळ असतात. अशी निमुळती धार खोल रुतते, पण खुंटास बाहेरच्या बाजूस फारशी ताणत नाहीं. असा स्क्रू हरवला आणि त्याच जाडीचा दुसरा कोणताही ठोकून बसविला, म्हणजे खुंटाचें आयुष्य तेथेंच निम्में होतें.

दुसरें कारण हाताचें आहे. प्रत्येक वेळीं स्क्रू सरळ आवळावयास घेतला कीं तो जुनी वाट सोडून नवी कापतो. चार-पांच वेळां असें झालें कीं दोन वाटांमधलें प्लॅस्टिक भुगा होऊन जातें. यावरचा उपाय फुकटचा आहे: स्क्रू भोंकावर ठेवून प्रथम उलटा फिरवावा. जुन्या आट्याचें तोंड सांपडलें कीं तो किंचित् खालीं बसल्याचें बोटांस कळतें; तेथून सुलटा फिरवावा. पेचकसाची मूठ तळहातांत न धरतां तीन बोटांनीं धरावी, आणि झाकण टेंकलें कीं थांबावें.

आटे गेल्यावर मात्र आधीं भोंकांत काडी घालून खोली पाहावी. जुना स्क्रू तळापर्यंत पोंचत नसेल तर खालचें प्लॅस्टिक अजून कोरें असतें, आणि त्याच जाडीचा थोडा लांब स्क्रू तेवढ्यानेंच काम भागवितो. खोली नसेल, पण खुंटाची भिंत जाड असेल, तर एक माप वरचा, म्हणजे 4.2 मिलिमीटरच्या जागीं 4.8 मिलिमीटरचा, स्क्रू घ्यावा. पातळ भिंतीचा खुंट मात्र त्यानें उभा चिरतो. भोंकांत आगकाडीचा तुकडा कोंबण्याची रीत घरोघर प्रसिद्ध आहे. बॉनेटखालच्या तेलांत आणि उष्णतेंत तिचा टिकाव लागत नाहीं.

पुष्कळांचा हात मग डिंकाकडे वळतो, आणि येथेंच फसगत होते. पेटीच्या आंतल्या किंवा मागल्या बाजूस बारीक अक्षरें उठविलेलीं असतात. तीं 'एबीएस' असतील तर दोन भाग मिसळून केलेलें एपॉक्सी चांगलें धरतें. 'पीपी' असतील तर तें पॉलिप्रॉपिलीन. 1954 सालीं इटलींत ज्यूलिओ नात्ता यांनीं सिद्ध केलेलें हें प्लॅस्टिक स्वस्त, हलकें व चिवट आहे. परंतु त्याच्या गुळगुळीत अंगास एपॉक्सी नीट चिकटत नाहीं. भरलेला गोळा सुकतो, कडक होतो, आणि पहिल्याच आवळण्यास बुचासारखा सबंध बाहेर येतो.

अशा ठिकाणीं पितळेचा आधार घ्यावा. बाहेरून खवले पाडलेलीं व आंतून आटे मारलेलीं लहान पितळी नळकांडीं मिळतात. त्यांच्या मापाचें भोंक पाडून नळकांडें त्यावर उभें ठेवितात आणि डाग देण्याच्या सळईनें तापवितात. पॉलिप्रॉपिलीन सुमारें 160 अंश सेल्सियसला वितळूं लागतें. नळकांडें आपल्याच भारानें उतरूं लागलें कीं हलका दाब पुरे. घाई केली तर तें तिरपें बसतें आणि मग तसेंच राहतें. शेवटचा मिलिमीटरभर भाग सपाट पट्टीनें दाबून समपातळींत आणावा, व पूर्ण निवेपर्यंत हात लावूं नये. वितळलेलें प्लॅस्टिक खवल्यांत शिरून थिजतें. चिकटण्याचा प्रश्नच उरत नाहीं. पुढें लोखंडी आट्याचा साधा स्क्रू कितीही वेळां काढला-घातला तरी झीज पितळेस होते, पेटीस नव्हे. धूर निघतो म्हणून हें काम उघड्यावर करावें. बॅकेलाइटसारखें न वितळणारें प्लॅस्टिक या रीतीनें जळून जातें.

चाकावरच्या अस्तरास किंवा एंजिनाखालच्या पत्र्यास इतका खटाटोप नको. तेथें भोंक आरपार पाडून मागें रुंद वायसर व नट लावला तरी चालतें. गाळणीच्या पेटीस मात्र आरपार भोंक पाडणें म्हणजे एक फट बुजवून दुसरी उघडणें होय, आणि सुटलेला नट एंजिनाच्या वाटेस लागण्याचें भय निराळेंच. म्हणूनच कोणतेंही भोंक पाडण्यापूर्वीं पेटी मोटारींतून बाहेर काढावी व उघड्या राहिलेल्या नळीच्या तोंडांत स्वच्छ फडका कोंबावा. तो परत काढण्याची आठवण राहावी म्हणून त्याचें शेपूट बाहेर लोंबतें ठेवावें. एअरबॅग, सीटचे पट्टे, इंधन किंवा ब्रेकचें तेल यांच्याशीं संबंध असलेल्या प्लॅस्टिकवर हे प्रयोग करूं नयेत. तेथें नवा भागच बसवावा.

झाकण बसविल्यावर त्याच्या कडेखालीं चहूं बाजूंनीं कागदाची पट्टी धरून पाहावी: ती ओढतांना सर्वत्र सारखी अडली पाहिजे. पंधरा दिवसांनीं पेटी पुन्हां उघडावी आणि गाळणीच्या पलीकडच्या, एंजिनाकडे जाणाऱ्या नळींतून पांढरें फडकें फिरवावें. फडक्यास तांबूस-काळी माती लागली तर फट अजून कोठें तरी आहे. बहुधा ती दुरुस्त केलेल्या कोपऱ्याच्या शेजारच्या स्क्रूपाशीं सांपडते, कारण इतके दिवस सगळा ताण त्यानें एकट्यानें सोसलेला असतो.