मुलीची लस, आईची तपासणी: एचपीव्हीबद्दल नेहमी पडणारे प्रश्न

मुळशी तालुक्यात बाळाच्या लसीकरणाला आता कुणी फारसं अडत नाही. आशाताईंचा निरोप आला की पेंटा असो वा गोवर-रुबेला, आई बाळाला घेऊन हजर होते. पण शाळेत जाणाऱ्या धडधाकट मुलीला कॅन्सरची लस टोचायची म्हटलं, की घरात प्रश्न सुरू होतात. आत्ताच कशाला? पुढे काही झालं तर? हे प्रश्न रास्त आहेत आणि तालुक्यातल्या प्रत्येक आईबापाला त्यांची सरळ उत्तरं मिळायला हवीत.

ही लस कोणत्या आजारावर?

बायका ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात, त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर. २०२२ या एका वर्षात भारतात त्याचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार बायका दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. जवळजवळ प्रत्येक वेळी मुळाशी एचपीव्ही हा विषाणू असतो. हा संबंध दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो, की बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी त्याची लागण होतेच. त्यामुळे लागण झाली म्हणून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याचं कारण नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्या शरीरात ठाण मांडतो, त्यांच्यात पेशी हळूहळू बिघडत जातात. कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं ना काही दुखतं, ना खुपतं.

लसीतून विषाणूच अंगात जातो का?

नाही. विषाणूच्या कवचाचं एक प्रथिन कारखान्यात तयार केलं जातं. ही प्रथिनं एकत्र येऊन विषाणूसारखे दिसणारे पोकळ कण बनतात. आत विषाणूचं जनुकीय द्रव्यच नसल्याने लागण होऊ शकत नाही. शरीर मात्र ते कवच ओळखायला शिकतं आणि प्रतिपिंडं तयार ठेवतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ याच पद्धतीची आहे. तिला २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती आली. ती विषाणूच्या ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. जगभरातल्या अशा कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के एकट्या १६ आणि १८ मुळे होतात.

इतक्या लहान वयात का?

लस लागण होऊ देत नाही, पण झालेली लागण घालवत नाही. म्हणून ती विषाणूशी गाठ पडण्याच्या कितीतरी आधी घ्यायची. शिवाय ९ ते १४ या वयात शरीर लसीला जास्त जोरदार प्रतिसाद देतं. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी ज्यांना लस देऊ केली गेली, त्या मुलींमध्ये पुढे हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी आढळला. पाळी सुरू झाली आहे की नाही, याचा लसीशी संबंध नाही. पाळीच्या दिवसांतही ती घेता येते. लग्न झालेल्या तरुणींनाही २६ वर्षांपर्यंत लस घेता येते, फक्त फायदा कमी होऊ शकतो. गरोदरपणात मात्र देत नाहीत.

डोस किती?

डॉक्टर सहसा ९ ते १४ वर्षांच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस सांगतात. १५ वर्षांनंतर तीन डोस असतात: पहिला, मग दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ९ ते २० वर्षांसाठी एक डोसही चालेल असं सांगितलं. प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनी, उदाहरणार्थ एचआयव्ही असलेल्यांनी, एकावर थांबू नये.

एका डोसवर भरवसा ठेवण्याइतका पुरावा आला त्यात आपल्याकडच्या मुलींचा वाटा आहे. तीनऐवजी दोन डोस पुरतील का, हे पाहणारा अभ्यास २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी सुरू झाला. त्यात पुणे होतं आणि बार्शीही. २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद उठला आणि सरकारने अशा सगळ्या अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. तोवर १७ हजार ७२९ मुलींना लस मिळाली होती. त्यातल्या जवळपास ५ हजार जणींचा एकच डोस झाला होता. संशोधकांनी त्यांची विचारपूस सोडली नाही. दहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका डोसनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण दिल्याचं दिसलं. दोन-तीन डोसांच्या तोडीस तोड.

सही कुणाची?

आई-वडिलांची. वर सांगितलेला वाद तेव्हाच्या आंध्रातल्या (आज तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा इथल्या प्रकल्पाचा होता. त्यातल्या सात मुलींचा मृत्यू झाला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण वसतिगृहातल्या मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या असल्याचं उघड झालं. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. म्हणून कागद आला की तो वाचून, शंका विचारून मगच सही करा. मुलीलाही सांगा, टोचून घेणार ती आहे.

त्रास होतो का?

दंड दुखतो, थोडा सुजतो, कधी कणकण येते. दोन दिवसांत बरं वाटतं. या लसीने पुढे मूल होत नाही, या भीतीला आधार नाही. जगभरातल्या कोट्यवधी डोसांनंतरही तसं आढळलेलं नाही. आधी एखाद्या लसीची तीव्र ॲलर्जी आली असेल किंवा अंगात जोराचा ताप असेल, तर आधी सांगा.

त्या दिवशी काय करायचं?

मुलीला उपाशी नेऊ नका. या वयात सुईच्या धास्तीने चक्कर येऊ शकते, म्हणून बसवून टोचतात. दंडाच्या स्नायूत फक्त अर्धा मिलिलिटर लस जाते. त्यानंतर अर्धा तास तिथेच थांबा. सरकारी लसीच्या बाटलीवर एक वर्तुळ आणि त्यात छोटा चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल, तर उष्णतेने लस बिघडलेली नाही. दोन्ही एकाच रंगाचे झाले, की ती बाटली बाद. सिस्टरना विचारलंत तर त्या दाखवतील. मोफत लसीकरण कोणत्या वयाला आणि कधी आहे, हे आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. तारीख लिहिलेलं कार्ड जपून ठेवा.

लस घेतली की काळजी मिटली?

बरीचशी, सगळी नाही. विषाणूच्या काही प्रकारांवर ही लस नाही. म्हणून तिशीनंतर तपासणी हवीच. सरकारी दवाखान्यात होणाऱ्या साध्या तपासणीत सिस्टर पिशवीच्या तोंडाला ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावतात आणि मिनिटभराने बिघडलेला भाग पांढरा दिसू लागतो. दुसरी, जास्त नेमकी चाचणी थेट विषाणू शोधते. तिची ताकद जगाने पाहिली ती उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात. तिथल्या गावांमधल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. ज्या गटाला आयुष्यात एकदाच ही चाचणी मिळाली, त्यात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

तेव्हा मुलीला लसीला न्याल, त्याच दिवशी तुमची तपासणी कुठे आणि कधी होईल हेही विचारून या. आईचं लसीचं वय निघून गेलं असेल, तपासणीचं वय मात्र हेच आहे.